अळू, ताक आणि मुतखडा (लेखांक ६)

गेल्या आठवड्यात खडा कसा फोडतात, कसा काढतात ते पाहिलं. काढलेला खडा पेशंट कागदाच्या पुडीत बांधून घरी नेतो, चार पाहुण्यांना दाखवतो आणि कपाटात टाकून विसरतो. ती पुडी खरं तर लॅबमध्ये जायला हवी. पुढचं पथ्य आणि औषध खडा कशाचा आहे यावर ठरतं, आणि एकदा खडा झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दहा वर्षांत दुसरा होतो.

बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. अळू चिरताना हाताला खाज सुटते, कच्चट राहिलं तर घसा खवखवतो, तो याच ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांचा प्रताप. खड्यात कॅल्शियम आहे म्हटल्यावर लोक आधी दूध-दही सोडतात आणि नेमके तिथेच फसतात. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच पकडून शौचावाटे बाहेर नेतं. ते नसेल तर मोकळं ऑक्झलेट रक्तात शिरतं आणि लघवीत उतरतं. लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या, वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवरचा इटलीतला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत कमी कॅल्शियम खाणाऱ्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतकं, पण मीठ आणि मांस कमी, अशा ६० जणांत फक्त १२ जणांना. तेव्हा अळू-पालक खायचाच तर त्याच जेवणात वाटीभर दही किंवा ताक घ्या. हात आखडायचा तो लोणचं, पापड, फरसाणावर, कारण जादा मीठ बाहेर टाकताना मूत्रपिंडं कॅल्शियमही सोडतात.

पाणी किती प्यायचं? प्यालेले पेले मोजू नका, लघवी मोजा. दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी; चंद्रपूरच्या मे महिन्यात त्यासाठी किती प्यावं लागेल ते घामालाच विचारा. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना.) कुळथाच्या कढणाला माझी ना नाही, निदान तेवढं पाणी तरी पोटात जातं.

औषधांत पोटॅशियम सायट्रेट उपयोगी. लघवीत सायट्रेट कमी असेल तर ते भरून निघतं, आणि लघवीची आम्लता उतरल्यावर युरिक ॲसिडचा खडा चक्क विरघळू शकतो. पण रक्तातलं पोटॅशियम तपासत राहावं लागतं. थायझाइड गोळ्यांवर मात्र पूर्वीइतका भरवसा उरलेला नाही. स्वित्झर्लंडमधल्या ४१६ रुग्णांच्या २०२३ सालच्या चाचणीत हायड्रोक्लोरोथायझाइड आणि नुसती बनावट गोळी यांत खडे रोखण्याच्या बाबतीत ठळक फरक दिसला नाही.

पुन्हापुन्हा खडे होत असतील तर चोवीस तासांची लघवी तपासून घ्या. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, मग दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिलीसुद्धा कॅनमध्ये धरायची. त्या दिवशी मुद्दाम शहाण्यासारखं वागू नका. रोजचाच चहा, रोजचंच लोणचं. रिपोर्टमधले आकडे कसे वाचायचे, ते पुढच्या आठवड्यात.