भीमाकांठचा पूर आणि आपलीं गुरें

शिरूर व दौंड हे तालुके कमी पावसाचे म्हणून ओळखले जातात. येथें वर्षाकांठीं पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरांच्या आसपास पडतो. ज्या मुलखांत पावसाची वाट पाहण्यांतच शेतकऱ्याचा जन्म जातो, तेथें पुरापासून बचाव कसा करावा याचा विचार कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु भीमा, घोड व मुळा-मुठा यांच्या कांठीं ज्यांची जमीन आहे, त्यांस ठाऊक आहे कीं, आपल्या नद्यांचा मोठा पूर बहुधा आपल्या पावसाचा नसतो. तो सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचा असतो, आणि आतां तो धरणांच्या दारांतून येतो. आपल्या शिवारांत ऊन पडलेलें असतां मळईंतला ऊंस पाण्याखालीं जातो, याचें कारण हेंच होय.

हें पाणी कोणत्या वाटेनें येतें तें प्रथम ध्यानांत घ्यावें. पानशेत, वरसगांव व टेमघर या धरणांचें पाणी खडकवासल्यास येतें, तेथून मुठेनें पुण्यांत उतरतें आणि मुळा-मुठेच्या पात्रांतून रांजणगांव सांडसच्या बाजूस भीमेस मिळतें. भीमेवर वरच्या अंगास चासकमान धरण आहे, आणि इंद्रायणी तुळापुरास तिला मिळालेली असते. घोड नदीवर वर डिंभे व खालीं चिंचणीचें धरण आहे. हीं सर्व पाणीं दौंडपर्यंत एका पात्रांत गोळा होतात. म्हणून एकाच धरणाची बातमी ऐकून निश्चिंत राहणें धोक्याचें आहे.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेत धरण फुटलें, तेव्हां लोकांस सावध होण्यास अवसर मिळाला नाहीं. एरवीं धरणांतून पाणी सोडतात तें मोजून व आगाऊ सूचना देऊन सोडतात. ही मोठी सोय आहे. मात्र तिचा उपयोग करून घेणें आपल्या हातीं आहे. सूचनेंत पाण्याचें माप क्युसेकमध्यें सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, अर्थात् सुमारें २८ लिटर. ४०,००० क्युसेक म्हटले कीं दर सेकंदास अकरा लाख लिटरांहून अधिक पाणी खालीं निघालें असें समजावें. पण हा आंकडा आपल्या बांधापाशीं किती हात चढेल, तें कोणतेंहि खातें सांगूं शकत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच टिपून ठेवलें पाहिजे. खडकवासला, बंडगार्डन व दौंड येथील विसर्ग, तो जाहीर झाल्याची वेळ, आणि आपल्या शेताजवळच्या झाडावर किंवा दगडावर पाणी किती वाजतां कोठवर आलें, एवढें वहींत लिहावें. चार-पांच पुरांच्या नोंदी झाल्या कीं, आपल्यास किती तासांची सवड मिळते हें ज्याचें त्यास कळेल.

ओढ्यांच्या पुराची गोष्ट वेगळी आहे. तेथें सवड मिळत नाहीं. २०२५ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस दौंड, बारामती व इंदापूर या भागांत अवेळीं मोठा पाऊस झाला, आणि उन्हाळ्यांत कोरडे असलेले ओढे एकाएकीं भरून वाहूं लागले. म्हणून ओढ्याच्या कांठीं गोठा बांधूंच नये, आणि पाणी वाहत असतां गुरें पलीकडे नेऊं नयेत. ओढ्यावर अतिक्रमण करून पात्र अरुंद करणारा शेतकरी आपल्यासह वरच्या शेजाऱ्याचेंहि नुकसान करीत असतो.

आतां गुरांविषयीं. म्हैस व बैल हीं पोहणारीं जनावरें आहेत. मोकळीं असलीं तर बहुधा कांठ गांठतात. दाव्यास बांधलेलें जनावर मात्र पाणी चढतांच खुंट्यापाशीं गुदमरतें. म्हणून पावसाळ्यांत नदीकांठच्या गोठ्यांत साखळी वापरूं नये. दाव्यास निरगाठ न मारतां सुरगाठ मारावी, म्हणजे अंधारांतहि एका हिसक्यानें ती सुटते. आणि याहून उत्तम म्हणजे पाणी गोठ्यापर्यंत येण्यापूर्वींच गुरें हलवावीं. आधीं वासरें, शेळ्या व गाभण जनावरें न्यावीं, मग बाकीचीं. कोणाचीं गुरें कोणत्या उंचवट्यावर जावयाचीं, कोणत्या वाटेनें, आणि तेथें दोन-तीन दिवसांचा कडबा व प्यावयाचें पाणी कोठून येईल, हें गांवानें ज्येष्ठांतच ठरवावें. तहान लागल्यावर विहीर खणण्यांत अर्थ नाहीं. नवा गोठा बांधणाऱ्यानें नदीची निळी व लाल पूररेषा पाहून घ्यावी. निळी रेषा सुमारें २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, व लाल १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची असते.

पावसाळ्यापूर्वीं घटसर्प व फऱ्या यांच्या लसी टोंचून घ्याव्यात. पूर ओसरल्यावर गाळ बसलेलें गवत व बुरशी आलेला कडबा गुरांस घालूं नये. पुराचें पाणी शिरलेल्या विहिरीचा उपसा करून तींत ब्लीचिंग पावडर टाकल्याखेरीज तें पाणी वापरूं नये. जनावर दगावल्यास पंचनामा होईपर्यंत त्याच्या कानांतला बारा आंकडी बिल्ला काढूं नये. २०२२ ते २०२६ या मुदतीसाठीं केंद्र सरकारनें ठरविलेल्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीमागें ३७,५०० रुपये, बैलामागें ३२,००० रुपये व शेळी-मेंढीमागें ४,००० रुपये साहाय्य धरलें होतें. चांगल्या दुभत्या म्हशीची किंमत याहून कितीतरी अधिक असते, हें लक्षांत घेऊन विमाहि उतरावा.

शेवटीं एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. नदीवरची मोटार व केबल काढण्यासाठीं रात्रीं चढत्या पाण्यांत उतरण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. तो सर्वांत घातक होय. पाणी सोडल्याची सूचना येतांच, उजेड आहे तोंवर, वीज बंद करून मोटार वर घ्यावी. वेळ टळली असेल तर तिचा मोह सोडावा. मोटार पुन्हां घेतां येते. घरचा कर्ता माणूस गेला तर सारें घरच बुडतें.