वजनकाटा आणि विम्याचं कलम

२०११ साली मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात मेडिक्लेमच्या खिडकीवर बसायला लागले. त्याच वर्षी नितीन गडकरींनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि घरोघरी त्याची चर्चा झाली. तोवर 'बेरिअॅट्रिक' हा शब्द डॉक्टरांपुरताच होता. त्यानंतर लोक खिडकीशी येऊन दबक्या आवाजात विचारू लागले, "मॅडम, ती पोट लहान करायची सर्जरी मेडिक्लेममध्ये बसते का हो?" माझं उत्तर तेव्हा एकाच शब्दाचं असे. नाही.

बहुतेक पॉलिसींत तसं छापलेलंच असायचं. वगळलेल्या उपचारांच्या यादीत लठ्ठपणावरचे उपचार असत आणि तेही अनेकदा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांच्या शेजारी. २०१२ मध्ये एका शाळेत शिकवणाऱ्या बाई आल्या. उंची १५८ सेंटिमीटर, वजन १२४ किलो, दिवसातून दोनदा इन्सुलिन. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता, म्हणून मधल्या सुट्टीत त्या खाली उतरत नसत. विमा कंपनीचं नकाराचं पत्र दोन ओळींचं होतं. यजमानांनी ते माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "हिला सुंदर दिसायचंय, असं वाटलं का त्यांना?" मला काही बोलता आलं नाही. शेवटी त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले. चार महिन्यांनी बाई तपासणीला आल्या तेव्हा इन्सुलिन बंद झालं होतं.

मला तेव्हापासून एकच गोष्ट खुपत आली आहे. याच बाईंना मधुमेहाने पायाला जखम झाली असती, हृदयात अडथळा आला असता, तर त्याच पॉलिसीतून लाखोंचं बिल गेलं असतं. ज्या उपचाराने ते सगळं टळण्याची शक्यता होती, त्याला मात्र एक रुपया नव्हता.

हा उपचार काही नवा नव्हता. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्येच गॅस्ट्रिक बायपास सुरू केला होता. अल्सरमुळे जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं आणि पुन्हा सहजी चढत नाही, या निरीक्षणातून तो निघाला. पुढे दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली, मग जठराची नळी करणारी 'स्लीव्ह' आली. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद याच शस्त्रक्रियेसाठी मुंबईत आल्या, तेव्हा टीव्हीवर दिवसरात्र तेच होतं. त्या सप्टेंबरमध्ये त्यांचा अबूधाबीत मृत्यू झाला आणि चौकशीला येणाऱ्या लोकांच्या आवाजात भीती आली. मुंबईत येताना त्यांचं वजन सुमारे ५०० किलो होतं, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेलं शरीर होतं. ऐंशी-शंभर किलोच्या माणसाने आपली तुलना त्यांच्याशी करू नये, हे मी खिडकीतून किती जणांना सांगितलं याची मोजदाद नाही.

खरा बदल २०१९ मध्ये झाला. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, त्या सप्टेंबरात वगळणुकींचे प्रमाणित शब्द ठरवून दिले. लठ्ठपणाच्या कलमाला क्रमांक मिळाला, एक्सक्लुजन ०६. वाचताना ते कलम अजूनही नकाराचंच वाटतं, पण त्याच्या पोटात होकाराच्या अटी आहेत. डॉक्टरांचा सल्ला हवा, शस्त्रक्रिया वैद्यकीय प्रमाणांनुसार हवी, वय किमान १८ हवं आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ४० किंवा त्याहून जास्त हवा. तो ३५ किंवा त्यापुढे असेल, तर सोबत चारांपैकी एक गंभीर आजार हवा: लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. शिवाय वजन उतरवण्याचे साधे उपाय आधी फसलेले हवेत. नव्या पॉलिसींना हे लगेच लागू झालं, जुन्यांना १ ऑक्टोबर २०२० पासून. माझ्या खिडकीवरचं 'नाही' तेव्हा गेलं. त्याच्या जागी 'कागद आणा' आलं.

त्या 'फसलेल्या उपायां'पाशी सगळ्यात जास्त माणसं अडकलेली मी पाहिली. शिरूरकडचा एक टेम्पोचालक होता, १०४ किलो, बीएमआय जवळपास ३७, तीन महिन्यांची साखर ९.८. जिम केली, भात सोडला, आहारतज्ज्ञाकडे सहा महिने गेला. सगळं खरं, पण कागद एकही नव्हता. आहारतज्ज्ञाने वहीच्या पानावर लिहून दिलेलं, जिमची पावती हरवलेली. प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरीची विनंती, पाठवल्यावर कंपनीची क्वेरी आली: आधीच्या प्रयत्नांचा पुरावा द्या. पुरावा उभा करण्यात त्याचे पुढचे सात महिने गेले आणि त्या सात महिन्यांत त्याच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त आलं. त्याच्यानंतर मी चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला शस्त्रक्रियेचा खर्च सांगण्याआधी एक फाईल करायला लावते. दर महिन्याला डॉक्टरांकडे वजन करायचं, ते तारखेसकट त्यांच्याच केसपेपरवर लिहून घ्यायचं. आहारतज्ज्ञाचा सल्ला लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह घ्यायचा. घोरणं असेल तर स्लीप स्टडी करायची, कारण 'झोप नीट लागत नाही' याला अर्थ नसतो. श्वास तासाला तीस किंवा जास्त वेळा अडखळतो असं अहवालात आलं, तर त्या अॅप्नियाला तीव्र म्हणतात. पॉलिसीची पुस्तिका काढून प्रतीक्षा काळ वाचायचा. कित्येक पॉलिसींत या शस्त्रक्रियेसाठी दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत ती अट कधी कधी नसते, म्हणून एचआरला आधी विचारायचं.

आणि पुढचा खर्चही मनात धरायचा. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, वेळोवेळच्या रक्ततपासण्या, हे सगळं जन्मभर चालतं आणि बहुतेक पॉलिसी त्याचे पैसे देत नाहीत. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाने तर बी-१२ मध्ये हयगय करूच नये.

२०२४ च्या नियमांनी थोडा दिलासा दिला. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला, कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यावा असं बंधन आलं, आणि कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या संमतीशिवाय दावा फेटाळता येत नाही. नकार आलाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे आणि तिथे वकील लागत नाही. लोक तिथवर जात नाहीत याचं मला वाईट वाटतं.

पण आकडे तेच राहिले. ४० आणि ३५ हे आकडे १९९१ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या बैठकीत ठरले. तेव्हा या शस्त्रक्रिया पोट चिरून होत, धोका मोठा होता, म्हणून उंबरठाही उंच ठेवला गेला. आणि ते तिकडच्या शरीरांसाठी होते. आपल्या पुण्यातल्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. भारतीय तज्ज्ञांनी २००९ च्या मतैक्यात शस्त्रक्रियेची मर्यादा म्हणूनच खाली आणली, ३७.५ आणि आजार असल्यास ३२.५. अमेरिकेतल्या आणि जागतिक शल्यचिकित्सक संघटनांनीही २०२२ मध्ये १९९१ चे निकष मागे टाकले. आपल्या पॉलिसीत मात्र ते अजून आहेत.

गेल्या वर्षी एक बाई आल्या. उंची १५० सेंटिमीटर, वजन ७६ किलो, बीएमआय ३३.८, इन्सुलिन घेऊनही साखर दहाच्या वर. फाईल नीट, दीड वर्षाचे कागद तारखेने लावलेले. भारतीय निकषांनी त्या शस्त्रक्रियेला पात्र, कलमाने अपात्र. त्यांना मी तो २०११ चाच शब्द ऐकवला.

प्राधिकरणाने ते कलम पुन्हा हातात घ्यावं. ४० आणि ३५ खोडून ३७.५ आणि ३२.५ लिहावं.