खिडकीतून आभाळ दिसते का?

पुनर्वसनाच्या इमारती, त्यांच्यामधले अंतर आणि आपले आरोग्य

टीबीच्या रुग्णाच्या घरी गेलो की आम्ही तीन गोष्टी विचारतो. गोळ्या वेळेवर चालू आहेत का? जेवण जाते का? घरात आणखी कोणाला खोकला आहे का? गेल्या काही वर्षांपासून चौथी गोष्ट आम्ही विचारत नाही, स्वतः पाहतो. खिडकीशी उभे राहून मान वर करतो आणि आभाळ दिसते का ते बघतो.

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसन वसाहतीत आम्ही असेच एका तळमजल्यावरच्या घरी गेलो होतो. दुपारचे बारा वाजले होते आणि घरात ट्यूबलाइट लावलेली होती. एकोणीस वर्षांची मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. घरातली ती टीबीची दुसरी रुग्ण. आधी आजीला झाला होता. खिडकी बंद, वर पडदा. आम्ही म्हटले, "मावशी, खिडकी उघडी ठेवा ना." आई म्हणाली, "ताई, उघडली की वरच्या मजल्यावरचा कचरा आत येतो. आणि समोरच्या घरातून सगळे दिसते. पोरीने कपडे कुठे बदलायचे?" मग थोडे थांबून म्हणाली, "झोपडीत होतो तेव्हा दारात बसून तांदूळ निवडायचो. आता ऊन बघायला रस्त्यावर जावे लागते."

त्या घराला नळ होता, संडास होता, पक्की भिंत होती. ही सगळी मोठी कमाई आहे, तिला कोणी कमी लेखू नये. पण घर पक्के झाले म्हणजे वस्ती राहण्याजोगी झाली असे होत नाही. दोन इमारतींमध्ये किती अंतर सोडले, हा प्रश्न बिल्डरचा किंवा इंजिनिअरचा म्हणून आपण सोडून देतो. प्रत्यक्षात तो आपल्या फुप्फुसांचा प्रश्न आहे.

जंतू हवेत राहतो, म्हणून हवा बदलली पाहिजे

टीबी भांड्यांतून, कपड्यांतून किंवा हात मिळवल्याने पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी असलेली व्यक्ती खोकते, शिंकते, मोठ्याने बोलते, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे बारीक थेंब बाहेर पडतात. ते इतके हलके असतात की बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. खोलीतली हवा बदलत राहिली तर ते विरळ होतात आणि बाहेर जातात. ऊन पडले तर उन्हातल्या अतिनील किरणांनी जंतू मरतो. हवा कोंडलेली आणि ऊन नाही, अशा खोलीत घरातले बाकीचे तीच हवा पुन्हा पुन्हा श्वासात घेतात.

हवेतून पसरणाऱ्या आजाराचा रुग्ण ज्या खोलीत ठेवायचा, तिथली हवा तासाला किमान 12 वेळा बदलावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दवाखान्यासाठी एवढी काळजी घ्यायची आणि त्याच रुग्णाला औषध देऊन अशा घरी पाठवायचे, जिथे पाच-सहा माणसे एका खोलीत बंद खिडकीआड झोपतात. मग एक बरा होतो, तोवर दुसरा आजारी पडतो. रुग्णाने गोळ्या सोडल्या असतील, असे आपण सहज बोलून जातो. पुष्कळदा दोष रुग्णाचा नसतो, हवेचा असतो.

गोवंडी-मानखुर्दमध्ये काय आढळले

रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी ज्यांच्या झोपड्या हटवल्या, त्यांच्यातल्या हजारो कुटुंबांना गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत घरे मिळाली. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी या दोन वसाहती आणि जवळचीच पीएमजीपी कॉलनी अशा तीन ठिकाणी चार हजारांवर घरांत जाऊन पाहणी केली. तिचे निष्कर्ष 2018 मध्ये पुढे आले.

लल्लूभाई आणि नटवर पारेखमध्ये टीबीचे प्रमाण पीएमजीपी कॉलनीपेक्षा कितीतरी पटीने जास्त निघाले. तिन्हीकडे गरीबच राहतात, डंपिंग ग्राउंडही सगळ्यांनाच जवळ. मोठा फरक होता तो इमारतींच्या मांडणीत. पीएमजीपीच्या इमारती बसक्या आणि मोकळ्या जागा सोडून बांधलेल्या आहेत. नटवर पारेखमध्ये सात मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा सगळ्यात कमी पोहोचतो आणि आजारही तिथेच जास्त आढळला.

आमच्या अनुभवातली एक गोष्ट यात जोडतो. लिफ्ट वरचेवर बंद पडते, म्हणून घरात म्हातारी माणसे असली की कुटुंब खालचा मजला मागून घेते. म्हणजे ज्यांची प्रतिकारशक्ती कमी, नेमके तेच सगळ्यात अंधाऱ्या घरात जातात.

शंभर वर्षांपूर्वीचा साधा हिशेब

हे ज्ञान नवे नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाट, अंधाऱ्या चाळींत माणसे मेली. त्यानंतर 1898 मध्ये शहर सुधारण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच ट्रस्टच्या चाळींना आपण आजही बी.आय.टी. चाळी म्हणतो. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आणि रमाई अनेक वर्षे राहिले. त्या चाळींची खोली लहानच होती, आणि ट्रस्टने रस्ते काढण्यासाठी गरिबांची घरे पाडली हेही खरे आहे. पण उजेड आणि हवा यांचा एक नियम ट्रस्टने वापरला, तो आपण प्रत्येकाने पाठ करावा असा आहे.

नियम 63½ अंशांचा. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी 1912 मध्ये मुंबईतल्या घरांमधील उजेड व हवा या विषयावर व्याख्यान देऊन त्याचा आग्रह धरला होता. आपल्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली, तर ती 63½ अंशांपेक्षा जास्त चढी नसावी. सोप्या भाषेत सांगायचे तर समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये हवे.

आता हा हिशेब आजच्या इमारतींना लावून पाहू. सात मजली इमारत साधारण 20 मीटर उंच धरली, तर मध्ये 10 मीटर, म्हणजे 33 फूट जागा हवी. सोडली आहे तीन मीटर. ती रेषा मग 80 अंशांच्याही वर जाते, जवळजवळ सरळ उभी. तळमजल्यावरच्या बाईला आभाळाची पट्टी दिसावी तरी कशी?

असे का बांधले जाते?

झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण 1995 मध्ये स्थापन झाले. योजनेचा गाभा असा, की बिल्डरने झोपडीधारकाला फुकट घर द्यायचे आणि मोबदल्यात बाजारात विकण्यासाठी बांधकाम करायचे. आपले घर आधी 225 चौरस फूट होते, मग 269 झाले, आता 300 झाले. ही वाढ लढून मिळाली आहे. पण आपण घराच्या आतले फूट मोजत राहिलो आणि घराबाहेरचे फूट मोजायचे राहून गेले.

पुनर्वसनाच्या इमारती जितक्या कमी जमिनीवर बसतील, तितकी जास्त जमीन विक्रीच्या टॉवरला उरते. शिवाय या योजनेत दर हेक्टरी किमान किती घरे बसवायची हे ठरवून दिले आहे. पूर्वी किमान 500, पुढे 650. किमान आकडा असा सक्तीचा आणि इमारतींमधल्या अंतराला मात्र सवलत. इतर इमारतींना जेवढी मोकळी जागा सोडावी लागते, तेवढी पुनर्वसनाच्या इमारतीला सोडावी लागत नाही.

खिडकीचेही तसेच. दमट-उष्ण हवामानात खिडक्यांची जागा खोलीच्या क्षेत्राच्या एक षष्ठांश असावी, असे राष्ट्रीय इमारत संहितेत आहे. कागदावर तेवढी खिडकी दाखवली जाते. ती दहा फुटांवरच्या भिंतीकडे उघडते आणि कचऱ्यामुळे कायम बंद राहते, हे कागदावर दिसत नाही.

सही करण्यापूर्वी

घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुनर्विकासाचे काम सुरू झाले आहे. इतर अनेक वस्त्यांतही संमतीपत्रे घेऊन माणसे दारोदार फिरत आहेत. आपली चर्चा बहुतेक वेळा तीनच गोष्टींवर होते: परिशिष्ट-2 मध्ये नाव आहे का, भाडे किती मिळणार, ताबा कधी. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. त्यांच्यासोबत पुढचे प्रश्न सोसायटीच्या सभेत विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

1. संपूर्ण जागेचा ले-आउट नकाशा दाखवा. एका घराचा रंगीत नकाशा पुरेसा नाही. पुनर्वसनाच्या इमारती कुठे आणि विक्रीच्या कुठे, हे त्यातच कळते.

2. दोन इमारतींमध्ये किती मीटर अंतर आहे आणि इमारतीची उंची किती? निम्म्याचा हिशेब लावून बघा. खूप उंच टॉवर असेल तर निम्मे अंतर मिळणार नाही. अशा वेळी खिडक्या समोरासमोर न ठेवता मोकळ्या बाजूला, रस्त्याकडे किंवा मैदानाकडे उघडतील अशी मांडणी मागा.

3. दार आणि खिडकी समोरासमोर आहेत का? हवा एका बाजूने आत आली तरी दुसरीकडून बाहेर जायला वाट हवी. मधल्या पॅसेजला दोन्ही टोकांना खिडकी हवी.

4. संडास-मोरीची हवा कुठे जाते? डक्टमध्ये जात असेल, तर तो साफ करायला माणूस आत जाऊ शकेल एवढी जागा आणि दरवाजा आहे का?

5. मुलांना खेळायला आणि म्हाताऱ्यांना बसायला जमिनीवर मोकळी जागा किती? केंद्र सरकारच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांमध्ये माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळ्या जागेचा निकष आहे. तेवढी मिळणार नाही हे आपल्याला माहीत आहे, पण मागताना आकडा हातात असावा. बालवाडी, दवाखाना, विहार आणि वाचनालय यांची जागाही नकाशावर आत्ताच दिसली पाहिजे. नंतर कोणी देत नाही.

नकाशा देत नसतील तर माहिती अधिकारात मागता येतो. वाचता येत नसेल तर वस्तीतल्या डिप्लोमा किंवा डिग्री करणाऱ्या मुलामुलींना सभेला बसवा. आपली मुले आता इंजिनिअर, आर्किटेक्ट होत आहेत. त्यांच्या शिक्षणाचा पहिला उपयोग आपल्याच वस्तीला होऊ द्या.

जे राहायला गेले आहेत त्यांनी काय करावे?

इमारत मागे सरकवता येत नाही. पण काही गोष्टी हातात आहेत.

दोन इमारतींमधला बोळ आधी साफ करा. तिथला कचरा गेला की खिडक्या उघडतात, हे आम्ही पाहिले आहे. वरच्या मजल्यांवर घरोघर जाऊन बोलावे लागते, भांडण होते, तरी करावे लागते. महिला मंडळाने महिन्याची पाळी लावली तर जमते. बोळाकडच्या भिंतींना पांढरा रंग दिला तर खालपर्यंत थोडा जास्त उजेड पोहोचतो. पॅसेजच्या खिडक्या सामान लावून किंवा पत्रा ठोकून बंद करू नका. आडोशासाठी खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागालाच पडदा लावा, वरचा भाग उघडा ठेवा.

घरात टीबीचा रुग्ण असेल तर त्याची जागा खिडकीजवळ करा, आतल्या कोपऱ्यात नको. टेबलफॅन रुग्णाच्या मागून खिडकीकडे वारा जाईल असा ठेवा, म्हणजे हवा घरात न फिरता बाहेर जाते. दिवसातून थोडा वेळ रुग्णाला बाहेर उन्हात, मोकळ्या हवेत बसवा. ताट-वाटी वेगळी करून त्याला वाळीत टाकू नका, त्याचा काही उपयोग नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे, यातले काहीही असेल तर पालिकेच्या दवाखान्यात बेडका तपासा. तपासणी आणि औषध मोफत आहे. उपचार चालू असताना पोषणासाठी दरमहा 1000 रुपये बँक खात्यात मिळतात, त्यासाठी नाव नोंदवून घ्या.

आणि एक नोंद ठेवा. कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर किती रुग्ण, एवढेच. नावे लिहू नका. लग्नाच्या मुलीचे नाव बाहेर गेले तर काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. पण मजल्यानुसार आकडा हातात असला की तो घेऊन वॉर्ड ऑफिसात जाता येते. आजाराचे कारण आपली सवय नसून इमारतीची मांडणी आहे, हे तेव्हाच ठामपणे सांगता येते.

ती एकोणीस वर्षांची मुलगी औषधाचा कोर्स पूर्ण करून बरी झाली. आता कामाला जाते. घर तेच आहे, खिडकी तीच आहे, आणि तिच्या भावाचे मूल त्याच खोलीत रांगते आहे. गोळ्यांनी आम्ही तिला बरे करू शकलो, तिच्या भाच्याच्या वाट्याचे ऊन मात्र कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. ते नकाशावरच मागावे लागते, इमारत उभी राहण्याआधी.

पुढच्या वेळी कोणी संमतीपत्र घेऊन दारात आले, तर पेन उचलण्यापूर्वी एकच विचारा: आमच्या तळमजल्यावरून आभाळ दिसेल का?

जय भीम!