दोन मिनिटांचा मोबाइल, वीस मिनिटांचे लक्ष

सातपूर-अंबडमधला कारखाना असो की शहरातले सरकारी कार्यालय, साहेबांची तक्रार एकच : कामाच्या वेळी लोक मोबाइलमध्ये असतात. कर्मचाऱ्यांचे उत्तरही ठरलेले : ‘दोन मिनिटेच तर पाहिले!’ खरा प्रश्न त्या दोन मिनिटांचा नाही, त्यानंतरच्या वेळेचा आहे.

विचार करावी लागणारी दोन कामे मेंदू एकाच वेळी करत नाही. तो एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि आधीचा विषय काही काळ मनात रेंगाळत राहतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्लोरिया मार्क यांच्या निरीक्षणानुसार, अर्धवट राहिलेल्या कामाकडे परत यायला सरासरी २३ मिनिटे लागतात. कारण माणूस मध्येच दुसरी कामे हाती घेतो.

नुकसान केवळ वेळेचे नसते. सिडनीतील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांच्या कामाची पाहणी झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययागणिक औषधाच्या चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या. हे व्यत्यय मोबाइलचेच होते असे नाही. पण लक्ष विचलित व्हायला कुणाची हाक काय किंवा मोबाइलची ‘टिंग’ काय, दोन्ही पुरेशा. प्रेस मशीनवर काम करणाऱ्याची तर बोटेच पणाला लागतात.

मग सरसकट बंदी घालावी का? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना विनोदी व्हिडिओ पाहू दिला, तर इतरांना तो पाहण्यास मनाई केली. पुढच्या कामात मनाई केलेल्यांच्याच चुका जास्त झाल्या. समोरचा मोह आवरण्यातही मेंदूची शक्ती खर्च होत असावी.

राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २३ जुलै २०२१ रोजी काढलेल्या सूचनांमध्येही बंदी नव्हती, शिस्त होती : कार्यालयात शक्यतो लँडलाइन वापरा, बैठकीत मोबाइल सायलेंट ठेवा, खासगी फोन बाहेर जाऊन घ्या, समाजमाध्यमांवर वेळेचे भान ठेवा.

काय करता येईल?

• यंत्र, वाहन, औषधे किंवा रोख रक्कम हाताळताना मोबाइल लॉकरमध्येच ठेवावा.

• इतरत्र तो खणात, नजरेआड असावा. चहाच्या आणि जेवणाच्या सुटीत मोकळेपणाने पाहावा.

• घरी आजारी आई किंवा तान्हे मूल असेल, तर मन मोबाइलकडे ओढणारच. अशांसाठी कार्यालयाचा एक फोन कायम उचलला जावा आणि तो क्रमांक घरच्यांकडे असावा.

• नियम साहेबांनाही लागू हवा. रात्री ११ वाजता ग्रुपवर आदेश टाकायचे आणि दिवसा मोबाइल पाहू नका म्हणायचे, हे चालत नाही.

ठरवूनही मोबाइल सुटत नसेल, झोप आणि काम बिघडत असेल, तर त्याला आळस समजू नये. अशा वेळी ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही समुपदेशन मिळते.