कोड तुम्ही लिहिला, पण मालक कोण?

पीएच.डी. म्हणजे फक्त प्रयोग आणि पेपर, करारनामे वगैरे वकिलांचं काम, असं आपण धरून चालतो. पण आता कंपन्या प्रकल्प देतात आणि सोबत कराराची पानंही येतात. ती न वाचता सही केली, तर स्वतःच्याच थीसिसचं एक प्रकरण छापायला दुसऱ्याची परवानगी मागावी लागू शकते.

समजा, तुम्ही नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात संशोधन करताय. लातूरकडच्या सोयाबीनच्या पानांचे फोटो पाहून रोग ओळखणारा प्रोग्राम तुम्ही लिहिला आणि पुण्याच्या एका कंपनीला तो हवाय.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही 'साहित्यकृती' आहे. म्हणजे कादंबरीला जे संरक्षण, तेच तुमच्या कोडला. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी पुरावा म्हणून कामी येते. मात्र संरक्षण लिहिलेल्या कोडला असतं, त्यामागच्या कल्पनेला नाही. तीच कल्पना घेऊन दुसऱ्याने स्वतःचा कोड लिहिला, तर कॉपीराइटचा भंग होत नाही.

आता मालकी. कलम १७ प्रमाणे पहिला मालक लेखकच. पण नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालक नोकरी देणारा. फेलोशिपवाल्यांनी म्हणूनच फेलोशिपच्या अटी आणि विद्यापीठाचे बौद्धिक संपदेचे नियम आधी बघावेत.

कंपनीला हक्क द्यायचे, तर कलम १९ लागू होतं. हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच हवं; तोंडी बोलणं चालत नाही. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणून 'कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द दिसले की थांबा. सगळे हक्क देण्याऐवजी वापराचा परवाना देऊन भागतं का, हे विचारा.

शेवटचं कलम गोपनीयतेचं. पीएच.डी. मिळाल्यावर थीसिस 'शोधगंगा'वर जाते, कुणीही वाचू शकतं. करारात 'काहीही प्रसिद्ध करणार नाही' असं असेल, तर तुम्ही दोन्हीकडून अडकलात. थीसिस आणि पेपरसाठी सूट सहीच्या आधीच लिहून घ्या. गाइडना विचारायची वेळही तीच.