पॉवर प्रेस आणि निरीक्षकाची नजर

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात पत्र्याचे सुटे भाग घडविणाऱ्या शेडांतून जे यंत्र अहोरात्र चालते, ते पॉवर प्रेस होय. त्याच्या जुन्या धाटणीच्या क्लचचा स्वभाव असा की, पायाखालचे पॅडल एकदा दाबले गेले म्हणजे गतिचक्राची सारी शक्ती घेऊन उतरणारी रॅम आपला फेरा पुरा केल्यावाचून मध्ये थांबत नाही. आणि क्लचची पिन किंवा स्प्रिंग झिजली असेल, तर पॅडल न दाबताही ती दुसऱ्यांदा खाली येते. नेमक्या त्याच क्षणी जॉब काढण्यासाठी कामगाराची बोटे डायमध्ये असतात. अशा प्रेसवर प्रकाशकिरणांचा सेन्सर बसवून समाधान मानणे ही घातक भ्रांती आहे, कारण अर्ध्यावर थांबूच न शकणाऱ्या यंत्रास तो थांबविणार कसा? तेथे डायभोवतीचे पक्के कुंपण हाच खरा बंदोबस्त.

1948 च्या कारखाना अधिनियमाच्या 21 व्या कलमाने यंत्राच्या धोकादायक भागांस भक्कम कुंपण घालणे आणि यंत्र चालू असताना ते जागच्या जागी राखणे बंधनकारक केले. तथापि नगावर मजुरी मिळत असेल तेथे कुंपणाने काम मंदावते, म्हणून ते काढून कोपऱ्यात ठेवले जाते. जेथे पॅडलऐवजी दोन हातांनी दाबावयाची दोन बटणे असतात, तेथे त्यांपैकी एक पाचर मारून कायमचे दाबून ठेवले जाते. या कारणास्तव केवळ दप्तर तपासून परतणाऱ्या निरीक्षकाची भेट मला निरर्थक वाटते. त्याने प्रेस चालवून दाखविण्यास सांगावे, आणि एकच बटण दाबून रॅम उतरते की काय, हे स्वतः पाहावे.

दंडाचा इतिहास खेदजनक आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 साली झालेल्या दुरुस्तीने सर्वसाधारण कसुरीस दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. पण सुरक्षिततेच्या तरतुदी मोडल्याने मृत्यू ओढवल्यास दंडाची किमान मर्यादा अवघी 25,000 रुपये, आणि गंभीर दुखापतीस 5,000! शिवाय बोटाच्या एकाच हाडाचा अस्थिभंग त्या कायद्याने गंभीर दुखापतीच्या व्याख्येतून वगळला होता, आणि गुन्हा निरीक्षकास कळल्यापासून तीन महिन्यांत फिर्याद दाखल न झाल्यास न्यायालयास तिची दखलच घेता येत नसे. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने मृत्यूप्रकरणी किमान दंड पाच लाखांवर नेला आणि दंडाचा निदान निम्मा हिस्सा जखमीस वा मृताच्या वारसांस देण्याचा अधिकार न्यायालयास दिला, ही सुधारणा मनःपूर्वक स्वागतार्ह होय.

परंतु त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेली. बारा-पंधरा माणसे आणि दोन-तीन जुन्या प्रेस एवढाच ज्यांचा पसारा, अशा असंख्य शेडा कारखान्याच्या व्याख्येबाहेर पडतात, आणि बोटे तर तेथेही तशीच तुटतात. कामगारांची ही संख्या मोजताना ध्यानात ठेवावे की, 1948 च्या अधिनियमाने ठेकेदारामार्फत आलेल्यासही कामगारच मानले होते. तेव्हा निरीक्षकाने हजेरीपट मागताना मालकाच्या जोडीने ठेकेदाराचाही मागावा, आणि शेडमध्ये उभी असलेली माणसे स्वतः मोजावीत.