ऑर्डर देण्यापूर्वी मशीन संगणकावर फिरवून पाहा

व्यापारी बंधूंनो, मशीनची ऑर्डर देताना कारखानदार आपल्यासमोर नकाशा ठेवतो. समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन चित्रे, त्यावर मिलिमीटरचे आकडे. आपण मान डोलावतो आणि सही करतो. बोटांच्या स्पर्शाने कापड ओळखणाऱ्या माणसाला नकाशा वाचता येतोच असे नाही, पण तसे कबूल करायला लाज वाटते. मलाही वाटली आणि ती महागात पडली.

भिवंडीतील गाळ्यात ग्रे कापड तपासून घडी घालणारे मशीन बसवायचे होते. मशीन आले, जागेवर बसले आणि विजेच्या पॅनलचा दरवाजा खांबाला अडला. जेमतेम चार बोटे उघडत होता. नकाशा पुन्हा काढला, तर दरवाजा उघडायला लागणारी जागा वरच्या चित्रात तुटक रेषेने दाखवलेली होती! कारखानदार म्हणाला, "शेठ, सही तुमचीच आहे." पॅनल दुसऱ्या बाजूला नेऊन वायरी लांबवाव्या लागल्या. अकरा दिवस ताग्यांचा ढीग तसाच पडून होता.

दुसरे मशीन घेताना दुसऱ्या कारखानदाराने ई-मेलने एक फाईल पाठवली. तिच्याविषयीच आज लिहितो आहे.

हल्ली अख्खे मशीन संगणकात उभे केले जाते. प्रत्येक रोलर, पट्टी, बोल्ट हा वेगळा भाग असतो. ते सर्व जोडले की त्याला असेंब्ली म्हणतात. सॉलिडवर्क्ससारखे सॉफ्टवेअर यासाठी वापरतात. ते महाग आहे आणि आपल्याला त्याची गरजही नाही. शिवाय मूळ असेंब्लीची एकटी फाईल आपल्या उपयोगाची नसते. कोणता भाग कुठे बसतो एवढेच तिच्यात असते, खुद्द भाग वेगवेगळ्या फाईलींमध्ये राहतात. कोणी घाईत तेवढीच एक फाईल पाठवली, तर उघडल्यावर भाग सापडत नाहीत असा निरोप येतो. सगळ्या फाईली पाठवायच्या तर कारखानदाराची सारी मेहनत, कोणता भाग कसा रचला यासकट, परक्याच्या हाती जाते. तो का देईल?

यावर तोड म्हणजे व्ह्यूअर. सॉलिडवर्क्सवाल्यांचाच ई-ड्रॉइंग्ज नावाचा व्ह्यूअर विंडोजच्या संगणकावर फुकट घेता येतो. कारखानदार आपल्या मॉडेलची हलकी प्रत काढतो. सर्व भाग एकाच फाईलमध्ये येतात, दिसणारा आकार राहतो, रचनेचा इतिहास मात्र जात नाही. आपण माऊसने मशीन फिरवायचे. वरचे झाकण उजव्या बटणाने लपवायचे किंवा काचेसारखे पारदर्शक करायचे. एखादा भाग ओढून बाजूला काढायचा. सगळे विस्कटले तर घराच्या चित्राचे बटण दाबले की मशीन पूर्वीसारखे जुळते. घाबरण्याचे कारण नाही, कारखानदाराच्या मूळ नकाशाला काही होत नाही.

सर्वात कामाची वस्तू म्हणजे माप. दोन कडांवर क्लिक केले की मधले अंतर मिळते, आणि मिलिमीटरऐवजी इंचही निवडता येतात. मात्र फाईल काढताना कारखानदाराने माप घेण्याची परवानगी दिली नसेल, तर हे चालत नाही. म्हणून आधीच सांगून ठेवावे. मी या वेळी पॅनलपासून मशीनच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले, गाळ्यात टेपने खांबाची जागा पाहिली आणि दरवाजा डावीकडे उघडणारा करून मागितला. तेव्हा पत्राही कापलेला नव्हता.

काही अडचणी येतात. आपोआप चालणारी, म्हणजे व्ह्यूअर पोटात घेऊन आलेली .ईएक्सई फाईलही काढता येते, पण जीमेल असली फाईल अडवते, झिपमध्ये घालूनसुद्धा. २०१९च्या आवृत्तीपासून ब्राउझरमध्ये उघडणारी एचटीएमएल प्रतही काढता येते. ज्या ग्राहकाला काही बसवून घेण्याचा कंटाळा आहे, त्याला ती बरी. काही जण थ्रीडी पीडीएफ पाठवतात. ती अ‍ॅडोबच्या रीडरमध्ये परवानगी दिल्यावर फिरते, पण ब्राउझरमध्ये किंवा मोबाईलवर बहुतेक वेळा नुसते चित्र दिसते किंवा तेही दिसत नाही. आणि नवी फाईल उघडत नसेल तर आपला व्ह्यूअर जुना आहे का, हे पाहावे.

कारखानदार बंधूंसाठीही दोन शब्द. माप देताना एसटीएलमध्ये काढण्याची परवानगी बंद ठेवा, हवा तर पासवर्ड लावा. तरीही जे पडद्यावर दिसते त्याचा आकार दुसऱ्यालाही दिसतोच. तुमच्या हुन्नराचा जो आतला भाग आहे, तो पाठवण्यापूर्वी साधा ठोकळा करून टाका. ग्राहकाला बाहेरचे माप आणि जोडण्याच्या जागा कळल्या की पुरे.

फाईल पाहून सौदा पक्का समजू नये. पत्रा किती जाड हे त्यात मोजता येते, पण तो कोणत्या प्रतीचा, मोटर कोणत्या कंपनीची, हे नुसत्या आकारावरून कळत नाही. ते कोटेशनमध्ये लेखी घ्यावे. चर्चेत फाईल तीन-चार वेळा बदलते आणि सर्वांचे नाव जवळपास एकच असते. माझ्या दुसऱ्या ऑर्डरवर मी फाईलचे पूर्ण नाव, सुधारणा क्रमांक आणि तारीख लिहून घेतली, आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या.